कोऱ्या कापडावरचा चीन

रंजनाच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच राहिली नव्हती. तिचा नवरा भूपेंद्र मिसरूड फुटलं तेव्हापासून सुरतेतल्या लिंबायतच्या लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, उभा. एका छपराखाली ओळीने माग चालतात तिथे माणसाचा शब्द ओठांवरच विरतो. कारीगर एकमेकांशी हातांनी आणि भुवयांनी बोलतात. त्या खडखडाटाने भूपेंद्रचे कान थोडे थोडे करून खाल्ले. पुढे पुढे घरातही त्याला सगळं ओरडून सांगावं लागायचं. भाकरी वाढू का, हेही ओरडून. गोडादऱ्याच्या त्यांच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या छायाला पहिले काही महिने वाटत होतं, की वरच्या सोनवणे नवराबायकोचं अजिबात पटत नाही.

रंजना पारोळा तालुक्यातल्या एका लहानशा खेड्यातली. शाळा सातवीपर्यंत. पण गावात कुणाच्या घरी कानबाई बसली की आरास करायला तिला बोलावणं यायचं. देवीच्या मागे कुठल्या रंगाचं लुगडं लावलं म्हणजे तिचं रूप उठून दिसेल, हे ती उंबऱ्यात उभी राहून एका नजरेत सांगायची. लग्न होऊन सुरतेत आली आणि ती नजर साड्यांवरच्या खड्यांना लागली. बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, ती आणि शेजारच्या बायका जिन्यापाशी, ओट्यावर, जिथे उजेड मिळेल तिथे बसून गमाच्या थेंबावर एकेक खडा ठेवत जायच्या. हात चालायचे, तोंडं त्याहून जास्त चालायची.

भूपेंद्रने टीव्ही बघणं केव्हाच सोडलं होतं. मालिकेतली माणसं तोंडं हलवतात आणि आपल्याला काडीचं कळत नाही, याची त्याला चीड यायची. कानाचं मशीनही आणून झालं होतं. ते लावलं की डोक्यात पुन्हा लूम सुरू होतात, असं म्हणून त्याने ते कपाटात टाकलं. कामावरून आला की जेवायचा, गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचा. माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता, आणि ते रंजनाला आत कुठेतरी लागायचं. पण ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

त्यांची मुलगी चंचल. तिने साडीच्या प्रिंटची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचा कोर्स केला आणि पर्वत पाटियाजवळच्या एका डिझाइन स्टुडिओत नोकरीला लागली. तिथल्या मोठ्या डिझाइनर दिपालीबेन. कडक बाई, पण शिकवायला हात आखडता घ्यायच्या नाहीत. एका शनिवारी त्यांनी चंचलला ऑफिसचा लॅपटॉप घरी दिला आणि सांगितलं, "यात आजकालचे थोडे चिनी पिक्चर आहेत. गोष्ट कळली नाही तरी चालेल. रंग कुठे ठेवलेत आणि कुठे ठेवले नाहीत, एवढं बघून ये."

रविवारी दुपारी चंचल पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली. रंजना खाली फरशीवर साडी पसरून खडे लावत होती. चिनी पिक्चर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आलं ते एकच: भिंतीवरून उड्या मारणारी, एकमेकांना लाथा घालणारी माणसं. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की लॅपटॉपमधून काहीच आवाज येत नाहीये. मारामारी नाही, गाणं नाही. फक्त कुठेतरी किटली उकळत असल्यासारखा बारीक आवाज.

"बंद पडलं का ते?"

"नाही ग मम्मी. असंच आहे. काहीच होत नाही यात. कधीची बाई खिडकीपाशी उभी आहे."

रंजनाने मान वर करून बघितलं. थंडीतलं एक गाव. बर्फ पडून पडून सगळं राखाडी झालेलं. मागे बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या, त्याही राखाडी. खिडकीच्या आत एक म्हातारी उभी. किटलीच्या वाफेने काच धुरकटलेली. म्हातारीने तळहाताने काच पुसली, आणि पुसलेल्या तेवढ्याच जागेतून लांबवर, धुक्यात, सायकलवरून येणारा एक माणूस दिसला. ठिपक्याएवढा. त्याच्या गळ्यात लाल मफलर. कॅमेरा जागचा हलत नव्हता. काच पुन्हा धुरकटली, म्हातारीने पुन्हा पुसली. लाल ठिपका जरासा मोठा झाला. पुन्हा धुरकटली, पुन्हा पुसली.

रंजनाच्या बोटावरचा गम वाळून गेला.

"चंचल, थांबाड ते. मांगे ले जरा."

"काय झालं?"

"मागे घे ना. ती काच पुसते तिथपासून."

मायलेकींनी ते दृश्य पुन्हा पाहिलं. या वेळी चंचलही पुढे सरकून बसली. सगळ्या पडद्यावर रंग म्हणावा असा तेवढाच एक, त्या मफलरचा. आणि तो माणूस घरी पोचेपर्यंत म्हातारी एक शब्द बोलली नाही. दार उघडल्यावरही नाही. त्याच्या हातातून सायकल घेतली, भिंतीला टेकवली, आणि त्याचा मफलर चुलीजवळ वाळत घातला. आता त्या मफलरमुळे सगळी खोलीच उबदार दिसायला लागली.

"हा रंग दिग्दर्शकाने एवढा वेळ सांभाळून ठेवला होता," चंचल म्हणाली. ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली, आणि लगेच काहीतरी रेखाटायला बसली.

पिक्चर संपला तेव्हा रंजनाच्या मांडीवरची साडी होती तिथेच होती. तिला एक गोष्ट नीट सांगता येत नव्हती, तरी कळत होती: या पिक्चरने तिला कुठेही धरून ओढलं नव्हतं. रड असं सांगितलं नव्हतं, हस असं सांगितलं नव्हतं. समोर ठेवून दिलं होतं आणि वाट बघितली होती. असा धीर तिने कुठल्याच पिक्चरमध्ये पाहिला नव्हता.

संध्याकाळी भूपेंद्र बाहेरून आला. रंजनाने ताट वाढलं आणि तेच दृश्य परत बघावंसं वाटलं म्हणून चंचलला लॅपटॉप लावायला सांगितला. भूपेंद्रने ताट हातात घेऊन उभ्या उभ्याच एक नजर टाकली. मग बसला. मग ताट खाली ठेवलं. चंचल दृश्य संपल्यावर बंद करायला गेली तर त्याने हाताने अडवलं. पहिल्यापासून लाव, अशी खूण केली.

तो शेवटपर्यंत हलला नाही. भाकरी कडक झाली, पिठल्यावर साय धरली. संपल्यावर त्याने रंजनाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "यामा कोनी वरडतच नही."

रंजनाने त्याला ओरडून विचारलं, "समजनं का काही?"

"समदं समजनं." मग बोटांवर मोजल्यासारखं सांगायला लागला. त्या म्हाताऱ्याचा कारखाना बंद पडलाय, पण तो रोज डबा घेऊन निघतो. बायकोला ठाऊक आहे. त्याला ठाऊक आहे की तिला ठाऊक आहे. दोघंही बोलत नाहीत. ती रोज डबा भरते. "कसाले बोलतील? बोलाची काय गरज शे?"

चंचलने आईकडे बघितलं. खाली इंग्रजीत लिहून येणारे शब्द वाचूनही ती जे समजली नव्हती, ते पप्पांनी नुसतं बघून सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचूनच दिवस काढले, त्याच्यासाठी हा पिक्चर जणू मापाने शिवलेला होता. त्या रात्री तिघं उशिरापर्यंत, गॅलरीतली खुर्ची रिकामी ठेवून, एकाच पलंगावर बसली.

तिथून त्या घराला नादच लागला. सुट्टीच्या दिवशी चंचल नवीन पिक्चर आणायची. कारखाने मागे टाकून उंच इमारती उभ्या राहणारी शहरं, धरणाच्या पाण्यात हळूहळू बुडत जाणारं नदीकाठचं गाव, एकाच न तुटणाऱ्या दृश्यात मोटारसायकलवरून डोंगर उतरत जाणारा माणूस. हे दिग्दर्शक आजचे आहेत, आपापल्या लहान गावांवर पिक्चर काढतात, असं चंचलने सांगितलं. नावं रंजनाला उच्चारता यायची नाहीत. तिने स्वतःचीच नावं ठेवली: मफलरवाला, धरणवाला, डोंगर उतरणारा.

आणि ती बघायला शिकली. दाराच्या चौकटीतून दाखवलेली माणसं दोन वेगळ्या खोल्यांत का उभी केली आहेत, हे ती भूपेंद्रला खुणेने दाखवायची. तो तिला दाखवायचा, की बघ, बाप बोलतोय पण कॅमेरा मुलाच्या पाठीवर आहे. पाठ कशी आक्रसली बघ. पैठणीच्या पदरावर मोर कुठे बसवायचा यावर जशी चर्चा होते तशी त्या दोघांची चर्चा चालायची. कित्येक वर्षांत नवराबायको एवढं एकमेकांशी बोलले नव्हते.

चंचलनेही मनावर घेतलं. एक साडी केली, पूर्ण राखाडी, धुक्याच्या लाटांची, आणि काठापासून थोडी आत एकच बारीक लाल रेघ. दिपालीबेनला फार आवडली. व्यापाऱ्याला दाखवली तर त्याने हात जोडले. "आवी साडी कोण पहेरशे, बेन? बेसणामां पहेरवानी छे?" शोकसभेची साडी ठरली बिचारी. त्या साडीचा एकुलता एक नमुना चंचल घरी घेऊन आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. रंजनाने साडी घडी मोडून खांद्यावर टाकली, आरशात पाहिली आणि म्हणाली, "व्यापाऱ्याला काय करायचंय? मी नेसते." आणि दुसऱ्या दिवशी नेसून भाजी आणायला गेली. मायलेकी दोघींची मान त्या दिवशी ताठ होती.

इकडे खडे लावता लावता रंजना बायकांना पिक्चरच्या गोष्टी सांगायला लागली. आधी बायका हसल्या. "काय शे एवढं त्या चीनमा?" छाया म्हणायची. हिंगोलीकडच्या अनुसया आजी सगळ्यांत वयस्कर. त्यांना चीन म्हणजे खेळणी आणि फटाके एवढंच माहीत. पण रंजना सांगायला लागली की हात थांबायचे. ती गोष्ट सांगायची नाहीच फारशी. काय दिसलं ते सांगायची. पावसात भिजलेली सिमेंटची भिंत कशी होती, आणि त्या भिंतीपुढून पिवळा रेनकोट घातलेली पोरगी गेली तेव्हा काय झालं. "मग?" "मग काही नाही. ती गेली, भिंत राहिली." "एवढंच?" "एवढंच." आणि मग कुठे बायकांचे हात पुन्हा खड्यांकडे वळायचे.

शेवटी छायाच म्हणाली, "तू एकलीच कितीक सांगशी? आम्हालाबी दाखव की."

जानेवारीत महिला मंडळाचं हळदीकुंकू असायचं, समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. वाण, तिळगूळ, मग हाउजी. रंजनाने मंडळात सांगितलं, या वर्षी हाउजीच्या जागी पिक्चर लावू. वाडीचे कारभारी श्रीरंग आप्पा त्या बैठकीला होते. ते खुर्चीतच सरळ झाले.

"चिनी पिक्चर? आपल्या वाडीत? वहिनी, तिकडून कापड येतं म्हणून आपली खाती बंद पडताहेत. आणि सीमेवर काय चाललंय, ते पेपरात वाचता ना? लावायचाच तर भक्तीचा एखादा लावा."

रंजनाला आप्पांशी वाद घालायची सवय नव्हती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "आप्पा, यात सरकार नाही, सैन्य नाही. यात तुमच्या आमच्यासारखी माणसं आहेत. त्यांच्याकडेही खाती बंद पडली. तीही गाव सोडून कामाला गेली. मी बघितली ती माणसं. तुम्ही एकदा बघा, नाही आवडली तर पुन्हा नाव काढणार नाही."

आप्पा खुर्चीत मागे टेकले. "बरं. पण मी बटणापाशी उभा राहीन. बायका कंटाळल्या की बंद. मग हाउजी."

तयारीला घर लागलं. प्रोजेक्टर दिपालीबेनने दिला, वर स्वतःही येते म्हणाल्या. पडद्याचं काम भूपेंद्रने अंगावर घेतलं. लूमवरून उतरलेल्या, रंग-छपाई न झालेल्या कोऱ्या कापडाला सुरतेत ग्रे म्हणतात. त्याने खात्यातून ग्रेचा एक तागा आणला. पहिल्यांदा टांगून पाहिला तर उजेड आरपार. पडद्यामागची भिंतच दिसायला लागली. मग त्याने दोन पदर केले, तरी भागेना, तिसरा जोडला. तिघांनी मिळून शिवण घातली, आणि भूपेंद्रने त्या कापडाला अशी इस्त्री केली की एक सुरकुती शोधून सापडू नये. "मन्हा हातनं कापड शे," तो सगळ्यांना सांगत होता. ते कापड त्यानेच विणलं होतं, हे खरंच होतं.

हळदीकुंकवाला वाडी भरली. मुलंही आली, लाथाबुक्क्यांच्या आशेने, पुढच्या सतरंजीवर. रंजना राखाडी साडी नेसली होती. खाली येणारी अक्षरं इंग्रजी, म्हणून मंडळाने तिच्या हातात माइक दिला होता. पिक्चर तिने चंचलकडून आधीच समजून घेतला होता, आता तिने समजावून सांगायचं. आप्पा ठरल्याप्रमाणे बटणापाशी उभे.

पिक्चर तिने विचार करून निवडला होता. डोंगराळ खेड्यातली एक आई. मुलगा लांब शहरात कपड्यांच्या कारखान्यात. त्यांच्या नववर्षाला सगळा देश घरी जातो, जशी सुरत दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रिकामी होते. पण मुलगा यंदा येणार नाही. सुरुवातीलाच त्या घराच्या वळचणीला दोऱ्यांनी बांधून वाळत घातलेली केशरी फळं, ओळीच्या ओळी, आणि त्यांच्यामागे निळसर डोंगर. वाडीत "अगोबाई!" असा एक आवाज उठला. रंजनाने माइक तोंडाशी धरला. "ही आई आहे. ही मुलासाठी फळं वाळवते आहे. आता ती पिशवी भरेल. बघा, भरते आहे. आता तिला वाईट वाटतंय, कारण…"

दोनतीन दृश्यं अशीच गेली. मुलं चुळबुळत उठून बाहेर पतंग उडवायला पळाली. मग पाठच्या खुर्चीतून अनुसया आजींचा आवाज आला.

"अगं ए रंजना, तू जरा उगी ऱ्हा की माय. समदं दिसायलंय आम्हाला."

बायका हसल्या. रंजना ओशाळली, आणि तिला मनातून इतकं बरं वाटलं की तिने माइक बंद करून सरळ चंचलच्या हातात दिला आणि खाली बायकांत जाऊन बसली.

आई गाडीत बसते. उभ्याने, दाटीत, पिशवी छातीशी धरून. शहरात पोचते. तिथे कारखान्याच्या फाटकासमोर रस्त्यावरून जाणारा एक उंच पादचारी पूल, आणि पाळी सुटल्यावर त्या पुलावरून शेकडो कामगार चालत येतात, सगळे सारख्या निळ्या कपड्यांत. कॅमेरा लांब, रस्त्याच्या पलीकडे ठेवलेला. जवळ जात नाही. कुठेही बोट दाखवत नाही. आई पुलाखाली उभी राहून वर बघते आहे, आणि मुलगा त्या गर्दीत कुठेतरी आहे.

सगळी वाडी त्याला शोधायला लागली. बायका पुढे झुकल्या. कुणी चष्मा पुसला. निळे कपडे येतच होते, संपतच नव्हते. आणि एकदम छाया गुडघ्यांवर उठली.

"तो दख! तठे! खांबाजोडे!"

होता. खांबापाशी, दोन मित्रांबरोबर. आईनेही त्याच क्षणी पाहिलं. तिने हात वर केला. आणि मुलगा मित्राच्या कशाला तरी हसला, मोकळं, डोकं मागे टाकून. आईचा हात हवेत तसाच राहिला. मग ती तो हळूहळू खाली घेते. हाक मारत नाही. मुलगा हसत हसत पुलावरून उतरतो आणि गर्दीत मिसळतो. सगळं एकाच दृश्यात, लांबून, संगीताचा एक सूर नाही. नंतर ती फाटकावरच्या रखवालदाराला पिशवी देते, मुलाचं नाव सांगते, आणि स्टेशनकडे चालू लागते. शेवटी मुलाच्या खोलीच्या खिडकीला टांगलेली ती केशरी फळं दिसतात; बाकी खोली निळी.

दिवे लागले तेव्हा वाडीत कुणी बोललं नाही. त्या बायकांना रंजना कित्येक वर्षं ओळखत होती. बारशाला, तेराव्याला, भांडणाला, कुठेही गप्प न बसणाऱ्या बायका. अनुसया आजींनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "पोरगं सुखात हाय, एवढं बघून गेली ती. माझ्या आईनं बी असंच केलं असतं." छाया हसत होती आणि रडतही होती, कारण मुलाला पहिल्यांदा तिने शोधलं होतं.

श्रीरंग आप्पा बटणापाशी नव्हते. ते केव्हातरी जमिनीवर, सतरंजीच्या कडेला येऊन बसले होते. दिपालीबेन रंजनाजवळ आल्या, तिच्या साडीच्या लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि चंचलला म्हणाल्या, "मी हे पिक्चर कितीदा बघितले. पण एवढ्या लोकांत बसून आज पहिल्यांदा." मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. हाउजीची आठवण कुणालाच झाली नाही.

गोष्ट तिथेच थांबली असती तरी रंजनाला पुरेशी होती. पण भूपेंद्रच्या मनात काही वेगळं होतं. त्याच्या खात्यात त्याच्यासारखे कान गेलेले कितीतरी कारीगर. काही खानदेशचे, बरेचसे ओडिशातल्या गंजामचे, काही उत्तरेचे. सुट्टीच्या दिवशी खोल्यांमध्ये पडून राहायचे. त्याने आप्पांना गाठलं. या वेळी आप्पांनी एकही प्रश्न विचारला नाही. वाडीची किल्ली काढून दिली आणि पाण्याचा जार भरून ठेवायला सांगितलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी कारीगर आले. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. भूपेंद्रने त्यांना पुढे बसवलं. कुणाला मराठी येत नव्हती, कुणाला हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी तर कुणालाच नाही, आणि अर्ध्यांना ऐकूही कमी. रंजना दारात उभी होती. तिच्याकडे सांगण्यासारखं या वेळी काहीच नव्हतं. ती फक्त त्यांचे चेहरे बघत होती. ज्या माणसांशी दिवसभर यंत्राशिवाय कुणी बोलत नाही, ती माणसं तोंडं उघडी टाकून, डोळे न मिटता, एका परक्या देशातल्या पुलावर आपलंच कुणीतरी शोधत होती. आणि भूपेंद्र त्यांच्यामध्ये बसला होता, पाठ ताठ, यजमान असल्यासारखा. एवढा रुबाबदार तो तिला लग्नातही दिसला नव्हता.

संपल्यावर सुदाम बेहेरा नावाचा एक गंजामी कारीगर तिच्यापाशी आला. "दीदी, वो माँ घर पहुँची?"

रंजना गोंधळली. "पिक्चर में तो दिखाया नहीं."

"नहीं दिखाया. पर पहुँची ना?"

"पहुँची होगी."

"होगी नहीं," मागून कुणीतरी म्हणालं, "वो वहीं स्टेशन पे बैठी है. लड़के ने पिशवी देखी तो भागा होगा स्टेशन." सुदामने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली; त्याच्या मते आई गाडीत बसली होती आणि मुलगा तिच्यामागे गावी निघाला होता. उत्तरेकडचा एक जण म्हणाला, मुलाला कळलंच नाही, रखवालदारानेच फळं खाल्ली असतील. यावर फार मोठा गदारोळ झाला. वाडीच्या पायऱ्यांवर अहिराणी, ओडिया, हिंदी, मध्येच आप्पांची गुजराती, हातवारे, भुवया, सगळं एकदम सुरू झालं. चहाचे कप निवत चालले.

रंजना थोडा वेळ बाजूला उभी राहून ऐकत होती. एका चिनी आईच्या प्रवासावरून गोडादऱ्यात एवढी माणसं भांडताहेत आणि हे भांडण आपण लावून दिलं, या विचाराने तिचा ऊर भरून आला. तेवढ्यात तिला दिसलं, की भूपेंद्रही फळं रखवालदारानेच खाल्ली असं म्हणायला लागला आहे.

"काहीही काय!" ती म्हणाली. "त्या खिडकीतली फळं बघितली नाहीत का तुम्ही?" आणि पदर खोचून तीही त्या पायऱ्यांवर उतरली.